अमेरिकेत डॅनिश स्थलांतरितांचा वारसा जपणारं संग्रहालय कुठे आहे? बागही आहे म्हणतात, खरं का?

हो, आहे. आयोवा राज्यातलं एल्क हॉर्न गाठा. मक्याच्या शेतांतलं एवढंसं गाव, पण ‘म्युझियम ऑफ डॅनिश अमेरिका’ तिथेच आहे. आतल्या वस्तू बघालच. मला विचाराल तर बाहेर जास्त वेळ काढा. बागेला जेन्स जेन्सन या डॅनिश-अमेरिकी उद्यानरचनाकाराचं नाव दिलंय. आखीव ताटवे शोधत बसू नका, इथे प्रेरीचं, म्हणजे अमेरिकेतल्या गवताळ मैदानांचं, गवत नि रानफुलं. स्थानिक झाडंच लावा, हा जेन्सनचा आग्रहच होता. उन्हाळ्यात गेलात तर उत्तम.

आणि गावातली पवनचक्की चुकवू नका! १८४८ची, डेन्मार्कमधून सुटी करून आणलेली, १९७६मध्ये इथे पुन्हा उभी केलेली. शेजारच्या नेब्रास्का राज्यातल्या ओमाहा शहराहून गाडीनं जा.