बुडाखालची पोकळी

प्रश्न : मॅडम, मी सहा वर्षं प्लास्टिकचे साचे डिझाइन करतोय, पण औषधाची कुपी पहिल्यांदाच करतोय. 10 मिलीची, सायक्लो-ओलेफिन पॉलिमरची (सीओपी), लायोसाठी (औषध गोठवून कमी दाबाखाली सुकवणं). प्लास्टिकमधून उष्णता नीट जात नाही म्हणून बुडाची जाडी 1 मिमीवरून 0.6 वर आणली. चाचणीत सुकायचा वेळ जवळजवळ तोच राहिला, वर काही कुप्या टेबलावर ठेवल्या की डुलतात. बूड अजून पातळ करू, की खालून रिब (आधाराच्या पट्ट्या) देऊ?

उत्तर : दोन्ही नका करू. बूड परत 1 मिमीवर न्या. त्यासाठी गाभ्याचं (कुपीची आतली पोकळी घडवणाऱ्या भागाचं) पोलाद घासायचंय, भरायचं नाहीये, त्यामुळे फार बिघडलेलं नाही. मी हीच चूक सोळा कॅव्हिटीच्या (एका वेळी सोळा कुप्या काढणाऱ्या) साच्यात केली होती, आणि सोळाही गाभे पुन्हा ग्राइंडिंगला पाठवताना टूलरूमच्या फोरमनने माझ्याकडे जे पाहिलं, ते अजून आठवतं.

हिशोब मांडून पाहा. कुपीत 4 मिली पाणी आहे असं धरा. बर्फाची थेट वाफ व्हायला, म्हणजे संप्लवनाला, ग्रॅममागे साधारण 2.8 किलोज्यूल लागतात. चार ग्रॅमला झाले 11 किलोज्यूल. प्राथमिक सुकवण 20 तास चालली तर कुपीमागे जेमतेम 0.16 वॉट. सीओपी काचेपेक्षा सहा-सात पट वाईट वाहक आहे हे खरं. तरी शेल्फपासून (लायोच्या यंत्रातली, कुपीला उष्णता देणारी फळी) बर्फापर्यंतच्या एकूण अडथळ्यात तुमच्या 1 मिमी बुडाचा वाटा दहाव्या हिश्श्याच्या आसपासच असतो. त्यातले 0.4 मिमी तासून तुम्ही कमावले सुमारे चार टक्के. वीस तासांत पाऊण तास.

मग बाकीचा अडथळा कुठे आहे? कुपीच्या बुडाखाली. लायोच्या चेंबरमध्ये दाब असतो 10 पास्कलच्या घरात, म्हणजे बाहेरच्या हवेच्या दहा हजारावा भाग. कुपी शेल्फला टेकते ती थोड्याच जागी. उरलेल्या फटीतून उष्णता न्यायची ती विरळ वायूच्या रेणूंनी, आणि तिथे हमालच कमी. दाब वाढवला की हमाल वाढतात, पण बर्फाचं तापमानही चढतं आणि औषधाची मर्यादा ओलांडली की केक (सुकत आलेल्या औषधाची वडी) खचतो. ती किल्ली प्रोसेसवाल्यांच्या हातात आहे, तुमच्या नाही.

तुमच्या हातात आहे सारखेपणा. लायोची अख्खी बॅच सगळ्यात हळू सुकणाऱ्या कुपीसाठी थांबते. नळीपासून केलेल्या काचेच्या कुपीचं बूड ज्योतीवर घडतं, ते आत वळलेलं असतं आणि प्रत्येकाचं थोडं निराळं. साच्यातून मात्र तेच बूड पुन्हा पुन्हा काढता येतं. प्लास्टिकचा खरा फायदा हा, आणि पातळ बुडाने नेमका तोच घालवला. 0.6 मिमीचं बूड 121 अंशांच्या वाफेत साच्यातले ताण सोडताना वाकतं. वर पाणी गोठताना नऊ टक्के फुगतं, ते वेगळंच. बूड बाहेर आलं की कुपी भोवऱ्यासारखी मधल्या टोकावर उभी राहते.

डुलण्याचं दुसरं कारण बहुतेक गेटचा (प्लास्टिक साच्यात शिरतं त्या जागेचा) टोचा असेल. सरफेस प्लेटला (अचूक सपाट पाट्याला) निळा रंग लावा, कुपी त्यावर हलकी फिरवा आणि उलटी करून पाहा. काठाला अखंड निळं कडं उमटायला हवं. मध्येच ठिपका दिसला तर गेट खाली आलाय. गेट लपेल एवढाच उथळ खळगा द्या, 0.2-0.3 मिमी, त्याहून जास्त नको. रिब दिल्यात तर आतल्या बाजूला सिंक मार्क (खोलगट डाग) येतील आणि शेल्फला टेकणारी जागा उलट कमी होईल.

मग एक साधी चाचणी. कॅव्हिटी क्रमांक पाहून कुप्या मांडा, साधं पाणी भरा, प्रत्येकीचं वजन घ्या. अंदाजे पाव बर्फ उडाला की लायो थांबवा आणि पुन्हा वजन करा. कडेच्या रांगांतलं पाणी जास्त गेलेलं दिसेल, कारण तिथे चेंबरच्या भिंतींची प्रारणाची उष्णताही पोचते. त्याचा दोष साच्याला देऊ नका. मधल्या रांगांत एखादी कॅव्हिटी सतत मागे पडत असेल तर ती मात्र तुमची.

न विचारलेलं एक सांगते. प्लास्टिकची कुपी काचेच्या निम्म्याहून हलकी असते. आमच्या पहिल्या बॅचला वरचं शेल्फ खाली आणून बुचं दाबून झाली, शेल्फ सुटे केले, दार उघडलं, तर एक अख्खी रांग वरच्या शेल्फला बुचांनी चिकटून वटवाघळांसारखी लोंबत होती. आम्ही बघत असतानाच त्या एकेक करून पडायला लागल्या. काचेची कुपी बऱ्याचदा स्वतःच्या वजनाने सुटते, हिच्यात तेवढा भार नाही. माथ्यावर उठाव किंवा न चिकटणारा लेप असलेलं बूच आत्ताच मागवून ठेवा.

प्रश्न : सीओपी पाणी शोषत नाही म्हणतात. मग आमच्या 100 मिग्रॅच्या केकमधली आर्द्रता दीड वर्षात 1 टक्क्यावरून 3 वर कशी गेली?

उत्तर : शोषत नाही म्हणजे आरपार जाऊ देत नाही असं नाही. वाढलेलं पाणी आहे 2 मिग्रॅ, म्हणजे दिवसाला 4 मायक्रोग्रॅमही नाही. एवढं भिंतीतून येऊ शकतं. पण मी आधी बुचाला पकडीन. वाफेने निर्जंतुक केलेलं रबर नीट सुकवलं नाही तर ते आपलं पाणी केकला देत राहतं. आलेख पाहा : सुरुवातीला भरभर चढून स्थिरावला असेल तर बूच, न थांबता चढतोय तर भिंत किंवा गळ्याची गळती. खात्रीसाठी त्याच बुचांनी काचेच्या काही कुप्या बंद करून शेजारी ठेवा. भिंत निघाली तर अॅल्युमिनियम फॉइलच्या पाकिटात शोषकासह ठेवा, किंवा आतून सिलिकाचा पातळ थर दिलेली कुपी घ्या. त्या भिंतीतून ऑक्सिजनही येतो. औषधाला तो चालत नसेल तर वर भरलेल्या नायट्रोजनवर विसंबू नका.

प्रश्न : या कुप्या काचेसारख्या 250 अंशांला भाजून पायरोजनमुक्त (ताप आणणाऱ्या जीवाणूंच्या अवशेषांपासून मुक्त) करता येतील का?

उत्तर : नाही, बसकण मारतील. निर्जंतुक करायला वाफ किंवा गॅमा किरण आहेत (गॅमाने किंचित पिवळेपणा येतो), पण एंडोटॉक्सिन, म्हणजे मुख्य पायरोजन, त्याने जात नाही. ते मुळात येऊच नये म्हणून मोल्डिंग आणि पॅकिंग दोन्ही क्लीनरूममध्येच.