आजी-आजोबा आणि लहान मुलांसह डिसेंबरअखेर कॅनडातील क्वेबेक सिटीला जाणे झेपेल का?

जरूर झेपेल, मात्र दिवसाचे बेत छोटे ठेवावेत, कारण तेथे डिसेंबरअखेर दुपारी चारच्या सुमारास सूर्य मावळतो आणि पारा शून्याखाली दहा-पंधरा अंश उतरणे ही नेहमीची गोष्ट आहे. मुक्काम शक्यतो तटबंदीच्या आतल्या जुन्या शहरातच घ्यावा, म्हणजे कोणी गारठल्यास पाच मिनिटांत खोलीवर परतता येते. हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. खालच्या पेटी-शांप्लेन गल्लीत उतरताना ज्येष्ठांना बर्फाळ पायऱ्यांवरून नेऊ नये. त्यांच्यासाठी १८७९ पासूनची फ्युनिक्युलर, म्हणजे तीव्र उतारावर दोराने चालणारी छोटी गाडी, आहे. मुलांना शातो फ्रोंतनाक या किल्ल्यासारख्या हॉटेलशेजारची १८८४ पासूनची बर्फावरील घसरगुंडी आवडेल, आणि ८३ मीटर उंचीचा, नायगारापेक्षाही उंच असलेला मोंमोरान्सी धबधबा एका सकाळी पाहून होतो.

कपड्यांत एका जाड स्वेटरपेक्षा तीन पातळ थर बरे: आत घाम अंगापासून दूर नेणारा, मध्ये लोकरीचा आणि वर वारा अडवणारा. मुलांना पाच बोटांच्या हातमोज्यांऐवजी चारही बोटे एकत्र राहणारे मोजे घालावेत, कारण बोटे एकमेकांना ऊब देतात. मोबाइल आतल्या खिशात ठेवावा, थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते. शहराची भाषा फ्रेंच, म्हणून दुकानात शिरताना 'बोंझूर' (नमस्कार) म्हणावे. पुढचे बोलणे बहुतेक ठिकाणी इंग्रजीत निभावते. भारतीय पारपत्रधारकांनी कॅनडाच्या व्हिसासाठी काही महिने आधीच अर्ज करावा.