येऊरहून श्वेतबटू पाहायचाय? व्याधाचा जोडीदार आधी विसरा

श्वेतबटू म्हणजे इंधन संपलेल्या ताऱ्याचा उरलेला दाट गाभा. व्याधाचा हा जोडीदार प्रसिद्ध खरा, पण व्याध त्याच्यापेक्षा सुमारे दहा हजार पट तेजस्वी. ठाण्याच्या धुरकट हवेत त्या झगमगाटात तो बुडूनच जातो. त्याऐवजी ४० एरिडनी हा ‘ए’, ‘बी’, ‘सी’ अशा तीन ताऱ्यांचा समूह घ्या. जानेवारीत रात्री नऊच्या सुमारास मृगातल्या राजन्य ताऱ्यापासून पश्चिमेला हात लांबवून दीड मूठ मोजा. तिथला ४.४ प्रतीचा तारा म्हणजे ‘ए’ (प्रतीचा आकडा मोठा, तितका तारा अंधूक). सहा इंची दुर्बिणीला २५ मिमीचा आयपीस लावा, ‘ए’पासून ८३ विकलांवर (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) ९.५ प्रतीचा ठिपका दिसेल. तोच श्वेतबटू ‘बी’. शेजारचा अंधूक लाल ‘सी’ हवा असेल तर १० मिमी लावा. दुर्बिणीचा आरसा बाहेरच्या हवेला यायला अर्धा तास द्या, नाहीतर ठिपके नाचतात.

ज्येष्ठेजवळच्या एम४ या तारकागुच्छातले श्वेतबटू मात्र आपल्या आवाक्यातले नाहीत, ते हबल अवकाश दुर्बिणीचं काम. त्यांच्यात इंधन जळत नाही, साठलेली उष्णताच हळूहळू बाहेर पडते. जितका मंद, तितका जुना. म्हणून गुच्छातल्या सर्वांत अंधूक श्वेतबटूंवरून त्याचं वय काढतात, एम४चं १२ ते १३ अब्ज वर्षं निघालं. नवखे इथे एक चूक हमखास करतात: फक्त थंड होण्याचा काळ मोजतात, श्वेतबटू होण्याआधीचं ताऱ्याचं आयुष्य त्यात मिळवायचं राहून जातं.