वाचकांचे प्रश्न : डच येतं, आता डॅनिश बोलायचंय

प्रश्न : आइंडहोवनमध्ये राहून कामापुरती डच जमू लागली, तेवढ्यात कोपनहेगनला बदली झाली. डॅनिशमध्ये ‘प्लीज’ला शब्दच नाही म्हणतात. मग दुकानात किंवा हॉटेलात मागायचं कसं?

उत्तर : तसा एकच एक शब्द नाही, हे खरं. डचमधला ‘आल्स्तुब्लीफ्त’ दोन कामं करतो : मागताना ‘प्लीज’ आणि वस्तू हातात देताना ‘हे घ्या’. डॅनिशमध्ये ही कामं वेगळी करावी लागतात. मागताना वाक्याच्या शेवटी ‘टाक’ (धन्यवाद) जोडा : ‘एन काफे, टाक’. देताना ‘वेर्स्गो’. बिल हवं असेल तर ‘मो याय बे ओम रायनिंगन’.

शब्दकोशात ‘वेन्लिग्स्त’ सापडेल, पण तो सूचनाफलकावरचा शब्द. समोरच्या माणसाला म्हटलात तर दटावल्यासारखा वाटतो. त्यापेक्षा क्रियापद भूतकाळी रूपात घ्या : ‘कुने दु येल्प माय?’ म्हणजे ‘मला मदत करू शकाल का?’ डॅनिशमधली नम्रता या ‘कुने’त असते, सर्वनामात नाही. डचमध्ये अनोळखी किंवा वयस्कर माणसाला ‘यू’ म्हणायची सवय लागलेली असते. डेन्मार्कमध्ये डॉक्टर, साहेब, शिक्षक सगळ्यांना सरळ ‘दु’. आदरार्थी ‘दी’ राजघराण्यासाठी आणि फार औपचारिक पत्रांसाठी उरलाय. अहो-जाहो करणाऱ्या आपल्या कानाला हे सुरुवातीला खटकतं, पण तिथे त्यात उद्धटपणा नाही.

जेवणाचंही बघा. डच मंडळी जेवायला बसताना ‘एत स्माकलक’ (चवीने जेवा) म्हणतात. डेन्मार्कमध्ये जेवण झाल्यावर पाहुण्याने ‘टाक फॉर मॅद’ (जेवणाबद्दल धन्यवाद) म्हणायचं आणि यजमान ‘वेल्बेकॉमे’ म्हणणार. पुढच्या भेटीत सुरुवातच ‘टाक फॉर सिस्त’ने करा, म्हणजे मागच्या भेटीबद्दल आभार. याला डच प्रतिशब्द शोधत बसू नका, तसा रिवाजच तिकडे नाही. उलट हे न म्हटल्याचं मात्र डॅनिश माणसाच्या लक्षात येतं.

प्रश्न : लिहिलेलं बरंच ओळखीचं वाटतं. मग चूक कुठे होते?

उत्तर : ओळखीच्या शब्दांतच होते. दोन्ही भाषांत तंतोतंत तसाच लिहिला जाणारा ‘बॉर्ड’ डचमध्ये ताट, डॅनिशमध्ये टेबल. डॅनिश ताट म्हणजे ‘टलर्कन’. ‘बिल’ डॅनिशमध्ये मोटार, डचमध्ये कुल्ला. ‘फ्लिंक’ डॅनिशमध्ये प्रेमळ, डचमध्ये धडधाकट किंवा भरपूर.

सर्वांत गोत्यात आणणारा शब्द ‘मिडाग’. डचमध्ये तो दुपार. डॅनिशमध्ये मध्यान्ह, शिवाय दिवसाचं मुख्य गरम जेवण, आणि ते बहुधा संध्याकाळी असतं. ‘मिडाग’ला बोलावणं आलं तर किती वाजता यायचं ते आधी विचारून घ्या. दुपारसाठी ‘एफ्टर्मिडाग’ वापरा.

वाक्यरचनेत डचची सवय आडवी येते. डच म्हणते, ‘इक हेब हेत बूक खलेझन’ : मी पुस्तक वाचलंय, क्रियापद शेवटी. डॅनिशमध्ये ‘याय हा लेस्त बोवन’ : ‘वाचलं’ आधी, पुस्तक नंतर. पुस्तकाचं निश्चित उपपदही (इंग्रजीतल्या ‘द’सारखं) शब्दाच्या शेपटाला लागतं.

प्रश्न : किमती अजिबात कळत नाहीत!

उत्तर : 49 पर्यंत डचसारखंच, एकक आधी आणि दशक नंतर, आपल्या ‘पंचवीस’सारखं. पुढे विसाच्या पटीत हिशोब. ‘हॅल्ट्रस’ म्हणजे अडीच वेळा वीस, 50. ‘ट्रस’ 60, ‘हॅल्फ्यर्स’ साडेतीन वेळा वीस, 70. ‘फिअर्स’ 80, ‘हॅल्फेम्स’ 90. ही पाच पाठ करा. घड्याळ मात्र सोपं : डच ‘हाल्फ द्री’ आणि डॅनिश ‘हॅल ट्रे’ दोन्ही अडीचच.

प्रश्न : मोबाइलवरचा अनुवाद चालेल?

उत्तर : चालेल, पण सर्वनाम तपासा. अनेक साधनं डचमधून आधी इंग्रजीत आणि तिथून डॅनिशमध्ये जातात. वाटेत डच ‘युली’ (तुम्ही सगळे) हा इंग्रजी ‘यू’ होतो आणि डॅनिशमध्ये एकट्याचा ‘दु’ उमटतो. अनेकांना उद्देशून ‘ई’ हवा, रोमन ‘आय’ मोठ्या अक्षरात. लहान अक्षरातला ‘ई’ म्हणजे ‘मध्ये’.