आदिलशाहीतली प्रेमकथा लिहिताना

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझा पटकथेचा खर्डा मिळाला. एका बैठकीत वाचून काढला. विजापूरच्या दरबारातली, दोन धर्मांतल्या माणसांची प्रेमकथा कन्नडमध्येच करायची, हा तुझा हट्ट मला मनापासून पटला. हिंदीत केली असतीस तर पहिल्याच दृश्यापासून तिला मुघली थाट आणि लखनवी अदब चिकटली असती. तू सोलापूरची, आजी घरात कन्नड बोलते, विजापूर तुला परकं नाही. ही शिदोरी बंगळुरात बसून कुणाला मिळायची नाही.

आता नायिकेबद्दल परखड लिहितो. मुहम्मद आदिलशहानं रंभेला विचारलं, माझ्यावर खरंच जीव असेल तर इथून उडी मारशील? आणि तिनं मारली. ही दंतकथा तू शेवटाला घेतली आहेस. गोलघुमटाचा सज्जा शंभर फुटांहून उंच आहे. तिथून पडणारी बाई दाखवली की प्रेक्षक गलबलणार, यात शंका नाही. पण विचारणारा सुलतान आणि उत्तर देणारी त्याच्या पदरची नर्तकी. 'नाही' म्हणायची सोय तिला होती का? तुझ्या खर्ड्यात दोघांच्या मध्ये धर्माची भिंत उभी आहे. मला त्याआधी दुसरीच भिंत दिसते, हुकूम सोडणारा आणि हुकूम झेलणारी यांच्यातली. ती ओलांडल्याशिवाय धर्मापर्यंत पोचताच येत नाही.

रंभेची गोष्ट सोडून दे असं मी म्हणत नाही. पुन्हा एकदा घुमटात जा आणि वर न बघता खाली चौथऱ्याकडे बघ. तिथे सुलतान आहे, त्याच्या बेगमा आहेत, मुलगी आणि नातू आहेत, आणि त्याच ओळीत रंभेचंही थडगं दाखवतात. एक नर्तकी राजघराण्याच्या ओळीत कशी आली? बेगमांनी ते कसं सोसलं असेल? उडीपेक्षा मला हा प्रश्न मोठा वाटतो.

आणि तुला खरोखर प्रेमकथाच हवी असेल, तर घराण्याच्या मुळाशी जा. पहिला आदिलशहा यूसुफ. त्यानं लढाईत हरलेल्या मुकुंदराव नावाच्या मराठा सरदाराच्या बहिणीशी लग्न केलं, असं इतिहासकार फिरिश्ता लिहितो. ती मुसलमान झाली, बुबूजी खानम म्हणून ओळखली जाऊ लागली आणि पुढे गादीवर बसलेल्या इस्माईलची आई झाली. हरलेल्याची बहीण जिंकणाऱ्याच्या घरी गेली, तेव्हा सुरुवात प्रेमानं झाली असेल असं मला वाटत नाही. म्हणूनच तुला काम आहे. सक्तीनं किंवा तहानं जुळलेल्या संसारात माया कधी शिरली, कुठल्या क्षणी शिरली, की शिरलीच नाही, हे शोधणं म्हणजे तुझा चित्रपट. धर्मांतराला बगल देऊ नकोस आणि त्याचा डंकाही पिटू नकोस. जे घडलं ते तिच्या चेहऱ्यावरून दाखव.

पुढचा भाग तर वाचताना मी खुर्चीत सरसावून बसलो होतो. 1510 मध्ये यूसुफ वारला. इस्माईल पोरवयाचा, कारभार कमालखानाच्या हाती. कमालखानानं गादीच गिळायचा बेत केला. बुबूजीनं यूसुफ तुर्क नावाच्या विश्वासू माणसाला त्याच्याकडे धाडलं. मक्केला जायचा निरोप घ्यायचा बहाणा, हातात विडा पडायची वेळ, आणि तेवढ्यात कट्यार. कमालखानाच्या आईनं काय करावं? मुलाचं प्रेत सजवून तो जिवंत असल्यासारखं सज्जात बसवलं, म्हणजे फौज पांगू नये. मग त्याचा मुलगा सफदरखान वाड्यावर चालून आला, तेव्हा बुबूजी आणि यूसुफ आदिलशहाची दूधबहीण दिलशाद आगा पुरुषी वेषात, धनुष्य घेऊन तटावर उभ्या राहिल्या. इराणहून आलेली एक, मराठ्याच्या घरची दुसरी. या दोघींच्या नात्यावर कुणी काही लिहिल्याचं माझ्या वाचनात नाही. तू लिही.

हे सगळं फिरिश्ताच्या आधारानं सांगतोय. तो 1589 मध्ये विजापुरात आला, म्हणजे घटनेनंतर जवळजवळ ऐंशी वर्षांनी, आणि चाकरी त्याच घराण्याची. तेव्हा त्याचा शब्द उचल, पण तोलून उचल.

आणखी एक. तुझ्या खर्ड्यात एक वाईट मौलवी आणि एक वाईट भटजी आहेत. दोघांनाही काढून टाक. कमालखानाचा झगडा हिंदू-मुसलमान नव्हताच. तो सुन्नी, यूसुफचं घराणं शिया. त्याच्या पाठीशी दख्खनी सरदार, बुबूजीच्या पाठीशी बाहेरून आलेले तुर्क-इराणी. मराठ्याच्या लेकीला इराण-तुर्कस्तानच्या शिपायांनी साथ दिली! आजच्या प्रेक्षकानं घरून आणलेले दोन खण इथे अपुरे पडतात, आणि ते पडू देत. पुढे याच घराण्यातल्या दुसऱ्या इब्राहिमनं किताब-ए-नौरस या आपल्या गीतसंग्रहात सरस्वती आणि गणपतीला आळवलं. ते दृश्य मात्र घालू नकोस. ते शंभर वर्षांनंतरचं आहे, आणि सगळं कसं गोड होतं असं भासवायला लोक ते कुठेही चिकटवतात.

संवाद बंगळुरी कन्नडमध्ये नकोत. विजापूरकडची कन्नड, सरदारांच्या तोंडी दख्खनी, अमीर एकमेकांत फारसी. बुबूजी एकटी असताना मराठीत पुटपुटली तर चालेल, पण एकदाच. कपड्यांसाठी दख्खनी चित्रं बघ, जुने चित्रपट बघू नकोस.

निर्माता रंभेच्या उडीवर अडून बसला आहे, असं लिहिलंयस. त्याला आत्ता उत्तर देऊ नकोस. आधी विड्याचा आणि तटावरचा असे दोन प्रसंग पूर्ण लिही, संवादांसकट, आणि त्याला मोठ्यानं वाचून दाखव. मलाही पाठव. कन्नड संवादांखाली मराठी अर्थ देत बसू नकोस, मला वाचता येतं.

तुझा,
काका