वकील प्रकरणाची माहितीच देत नसतील तर अशिलाने काय करावे?

आगाऊ फी घेतल्यानंतर वकील फोन उचलत नाहीत आणि कार्यालयातील कारकून प्रत्येक वेळी ‘साहेब न्यायालयात आहेत’ एवढेच सांगतो, असे आपण लिहिले आहे. या तक्रारीच्या मुळाशी माझ्या मते बहुधा अप्रामाणिकपणा नसून, झेपणार नाहीत इतकी प्रकरणे स्वीकारण्याची सवय असते. अर्थात अशिलाला त्याने काय दिलासा मिळणार! फोनचा नाद सोडून प्रकरणाची सद्यःस्थिती, पुढील तारीख आणि फीचा हिशेब मागणारे पत्र किंवा ईमेल पाठवावे व उत्तरासाठी निश्चित मुदत द्यावी, कारण पुढे वकिलांच्या नियामक संस्थेकडे जाण्याची वेळ आली तर हाच लेखी पुरावा उपयोगी पडतो. केवळ दावा हरणे हे मात्र अशा तक्रारीचे कारण होऊ शकत नाही. वारंवार तारीख चुकवणे, पैशांचा हिशेब न देणे किंवा विरुद्ध पक्षाशी असलेले हितसंबंध लपवणे हे तक्रारीचे कारण होऊ शकते. वकील बदलता येतो, परंतु महत्त्वाची मुदत तोंडावर आली असेल तर नवा वकील निश्चित झाल्याशिवाय जुन्याला मोकळे करू नये, आणि मूळ कागदपत्रे परत घेताना ती यादीशी ताडून पाहावीत.