दिवसभर टूलची वर्णनं लिहिते, ही नोकरी पुढे टिकेल का?

प्रश्न : माझी मुलगी कॉम्प्युटर इंजिनिअर आहे. पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत लागून सहा महिने झाले. एआय एजंट (माणसाच्या वतीने कामं करणारे प्रोग्राम) जी टूल (एकेका कामासाठी त्यांना जोडून दिलेले छोटे प्रोग्राम) वापरतात, त्यांची वर्णनं लिहिणं हे तिचं काम. बरोबरीची मुलं कोडिंग करतात आणि ही निबंध लिहिते, असं वाटतं. आत्ताच नोकरी बदलायला सांगू का? – एक पालक, सांगली

उत्तर : नमस्कार. घाई करू नका. मुलीला आधी एक विचारा : तिचं वर्णन वाचून एजंटने प्रत्यक्षात काय केलं, हे तिला बघायला मिळतं का? माझा सल्ला बराचसा त्यावरच ठरेल.

एजंटमागच्या मॉडेलला, म्हणजे भाषा समजून निर्णय घेणाऱ्या त्याच्या एआयला, टूलच्या आतला कोड सहसा दिसत नाही. त्याला दिसतं टूलचं नाव, वर्णन आणि कोणती माहिती कुठल्या स्वरूपात द्यायची त्याची यादी. तेवढ्यावर ते टूल निवडतं. समजा, रेल्वे तिकिटांचा एजंट आहे. त्याच्याकडे दोन टूल : एकावर लिहिलंय ‘तिकीट रद्द करण्यासाठी’, दुसऱ्यावर ‘परताव्यासाठी’. प्रवासी विचारतो, “उद्याचं तिकीट रद्द केलं तर किती पैसे परत मिळतील?” वाक्यात ‘रद्द’ आलं, एजंटने पहिलं टूल चालवलं, की दिवाळीच्या गर्दीतली कन्फर्म सीट गेली.

आता पहिल्या टूलचं वर्णन असं करून बघा : ‘तिकीट कायमचं रद्द होतं, परत मिळत नाही. प्रवाशाने रद्द करा असं स्पष्ट सांगितलं असेल तरच वापरा. फक्त रक्कम विचारली असेल तर परताव्याचं टूल वापरा. पीएनआर १० अंकी, मध्ये जागा न सोडता.’ कोडची एक ओळही न बदलता चूक होण्याची शक्यता पुष्कळ कमी झाली. (अर्थात, अशा कामाआधी प्रवाशाची संमती घेण्याची सोय कोडमध्येही हवीच. नुसत्या वर्णनाच्या भरवशावर कोणाचं तिकीट ठेवू नये.)

अँथ्रोपिक कंपनीने डिसेंबर २०२४ मध्ये लिहिलं होतं, की कोड दुरुस्त करणारा एजंट बनवताना त्यांचा मॉडेलला द्यायच्या मुख्य सूचनांपेक्षा जास्त वेळ टूल सुधारण्यात गेला. एजंट एका फोल्डरमधून दुसऱ्यात गेला की फाइलचा अर्धवट पत्ता देऊन चुकायचा. नेहमी पूर्ण पत्ता मागायचा, असा टूलमध्ये बदल केला आणि ती चूक थांबली. तेव्हा तुमची मुलगी करते ते काम किरकोळ नाही.

पण नुसतं लिहिण्यावर विसंबू नये, हेही तितकंच खरं. वर्णनाचा पहिला मसुदा आता मॉडेलच बऱ्यापैकी लिहून देतं. तो बरोबर आहे का हे तपासणं, एकसारखी वाटणारी तीन टूल मिळून एक करावीत का हे ठरवणं, यात माणसाची किंमत आहे. टूल चुकलं की एजंटला जे एरर मेसेज परत जातात, ते लिहायचं कामही तिने मागून घ्यावं. ‘चुकीची माहिती’ एवढंच परत आलं तर एजंट तीच चूक पुन्हा करत बसतो. ‘तारीख वर्ष-महिना-दिवस अशी द्या, उदा. २०२६-११-०५’ असं आलं तर पुढच्या फेरीत सुधारतो.

म्हणून तिने ग्राहक खरोखर विचारतात तसे चाळीस-पन्नास प्रश्न जमवावेत. त्यात मोघम प्रश्न हवेत, मराठी-हिंदी-इंग्रजीची सरमिसळ हवी, आणि एकही टूल लागू नये असेही काही हवेत. प्रत्येकापुढे कोणतं टूल चालायला हवं ते लिहावं आणि वर्णन बदललं की सगळे प्रश्न पुन्हा चालवून बघावेत. एकदा बरोबर आलं म्हणून समाधान मानू नये, कारण तोच प्रश्न पुन्हा दिला तर मॉडेल वेगळंही वागू शकतं. जोडीला टूलमागचा पायथन भाषेतला कोड स्वतः लिहायची संधी मागावी.

एजंटने काय केलं त्याच्या नोंदी कंपनीने तिला बघू दिल्या आणि ही चाचणी करू दिली, तर निदान वर्षभर तिथेच राहू द्या. ‘तू फक्त लिही, बाकी टीम बघेल’ असं उत्तर मिळालं, तर मात्र दुसरीकडे अर्ज करायला लागावं. रिझ्युमेत ‘टूलची वर्णनं लिहिली’ एवढंच लिहू नये. आधी एजंट कुठे चुकत होता, तिने काय बदललं आणि चुका किती घटल्या, ते कंपनीची गुप्त माहिती न देता दोन ओळींत मांडावं.